एक तुरा उघडा राहिला

मित्रांनो, आधी हात जरा मागे घ्या. मी शिवणकामाची कात्री आहे, आणि वयाने जुनी असले तरी बोथट नाही! मुठीवरचा काळा रंग उडालाय, एका पात्यावर गंजाचा डाग आहे, पण ओली मलमल अजूनही टोकापर्यंत सरळ कापते. पटत नसेल तर घेऊन या मलमल. कागद मात्र आणू नका. कागदाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म एका लहानशा भट्टीत झाला. कारागिराने माझी दोन पाती वेगवेगळी ठोकली, वेगवेगळी घासली आणि मग एका स्क्रूने जोडली. स्क्रू फार आवळला तर पाती एकमेकांना चावतात, सैल सोडला तर कापड मधेच दुमडतं. तो कितीतरी वेळ स्क्रू पिळत, सोडत, मला कानाशी नेऊन माझा आवाज ऐकत बसला होता. शेवटी मनासारखा आवाज आला तेव्हा स्वतःशीच हसला. "जा, आता कुणाच्या हाती पडतेस ते तुझं नशीब," असं म्हणून त्याने मला विक्रीच्या फळीवर ठेवलं.

नशीब चांगलं निघालं. मी मावशींच्या हाती पडले. तेव्हा त्या चांगल्या तरुण होत्या, पण गिऱ्हाइकं त्यांना पहिल्यापासून मावशीच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. काय हात होता म्हणून सांगू! कापड नुसतं चिमटीत धरून त्या सांगायच्या, धुतल्यावर हे किती आटेल. लग्नाचे झगे, शाळेचे गणवेश, जाड माणसाला बारीक दाखवणारे कोट, सगळं आम्ही दोघींनी मिळून केलं. कबूल केलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच कपडा इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असायचा. "उद्याचं काम उद्यावर टाकणाऱ्याने सुई हातात धरू नये," असं त्या म्हणायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्यानेच घोटाळा केला.

त्यांचा दुसरा नियम माझ्याबद्दलचा होता. ही कात्री कापडाशिवाय काहीही कापणार नाही! कागदाने धार मरते. एकदा त्यांच्या यजमानांनी घाईघाईत माझ्याने एका पाकिटाची कड कापली. त्या दिवशी बिचाऱ्यांना जेवायचं ताट मिळालं, पण मावशींच्या तोंडून शब्द मिळाला नाही. पुन्हा ते कधी माझ्या वाटेला गेले नाहीत.

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. तयार कपड्यांची दुकानं निघाली, यजमान गेले, मावशींचे गुडघे कुरकुरायला लागले. शिवणयंत्रावर चादर पडली. मावशींनी मला तेल लावलं, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मागच्या खोलीत, खिडकीखालच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. अगदी मायेने ठेवलं हो! पण पडून पडून माझ्या स्क्रूला गंज धरला. कापून कापून झिजणं परवडलं, पण हे नको.

मग एक दिवस त्या मागच्या खोलीत नवा आवाज ऐकू आला. मावशींची थोरली बहीण, अक्का, कायमची राहायला आली होती. अक्काचा सगळा जन्म मातीत हात घालून गेला होता. पण पडून कंबरेचं हाड मोडलं, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, एकटीने राहणं जमेना, म्हणून बागेसकट घर विकावं लागलं. येताना तिने रुमालाच्या गाठीत चिमूटभर बडीशेप तेवढी आणली होती. त्यांची आई लावायची त्या बडीशेपेचं हे बी. दर वर्षी पेरायचं आणि दर वर्षी नवं बी धरायचं, असं ते आईपासून चालत आलेलं.

"हे बी फार टिकत नाही," अक्का म्हणाली. "मी अंथरुणाला खिळले होते ते वर्ष तसंच वाया गेलं. या खेपेला नवं बी धरलं नाही, तर आईचं वाण संपलं म्हणून समज."

"मी लावते," मावशी म्हणाल्या.

"तू? तुला गवत कोणतं नि कोथिंबीर कोणती ते कळत नाही!"

"मग तू खिडकीत बसून सांग. पण परसातल्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. एकदा पडलीस तेवढं पुरे."

झालं! अक्का खिडकीत आणि मावशी वाफ्यात. डब्यात पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होते. बडीशेपेचं मूळ सरळ खोल जातं, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते रुसून बसतं, म्हणून बी जागेवरच पेरायचं, असं अक्काने बजावलं. मावशींनी टेपने माप घेतलं, मातीवर शिवणाच्या खडूने रेघा आखल्या आणि एकेक दाणा टाका घालावा तसा पेरला.

"वाफा करतेयस की बाह्या कापतेयस?" अक्का हसून हसून खोकायला लागली.

हसली खरी, पण मावशींसारखी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही. कोवळी रोपं गोगलगायी खायला लागल्या, तर मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे वाकून गोगलगायी वेचायच्या. एवढं करूनही तीनच रोपं वाचली. पण ती तीन वाढली अशी, की मावशींच्या खांद्याला लागली. केसांहून बारीक पानं, आणि नुसता हात लागला तरी गोड वास. भिंतीपलीकडचे ड्रायव्हरकाका गाडी धुता धुता थांबून वास घ्यायचे. अक्काला मात्र खिडकीतून काही नीट दिसेना. "मला नुसता हिरवा धूर दिसतो गं," ती म्हणायची, आणि मावशींचा जीव तुटायचा.

शेवटी अक्काच्या मुलाने तिला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडे नेलं. नेमका तेव्हाच फुलोरा आला. छत्रीच्या काड्यांसारख्या काड्या आणि त्यांवर बारीक पिवळी फुलं, असे तुरे. अक्काने फोनवर सांगितलं, "दाणा पिकला की पटकन गळतो. चिमण्याही टपलेल्या असतात. तुऱ्यांना पातळ कापडाच्या पिशव्या बांध."

कधी बांधायच्या, ते सांगायचं राहिलं. तिला वाटलं, एवढं काय सांगायचं!

आणि मावशींचं ते वाक्य तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी त्याच दुपारी डबा उघडला.

मित्रांनो, त्या उजेडाचं काय वर्णन करू! मावशींनी जुना मलमलीचा पडदा पसरला, माझ्या मुठीत बोटं घातली, आणि माझ्यात जीव आला. एकेका तुऱ्याच्या मापाची पिशवी, खाली गोल तळ, दुहेरी शिलाई, तोंडाला नाडी. फुलासाठी कुणी असं शिवतं का? मावशी शिवत होत्या. ड्रायव्हरकाका भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मावशी, एवढे झोकदार कपडे तर माझ्या अंगावर नाहीत!"

शेवटची पिशवी कापताना माझा गंजलेला स्क्रू तुटला. मी दोन तुकड्यांत मावशींच्या मांडीवर पडले. शरमेने मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात दुसरी कात्री होती, पण ती मलमल कापत नाही, कुरतडते. "जाऊ दे, एकच तुरा राहिलाय. उद्या बघू," मावशी म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून 'उद्या बघू' पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मला खिडकीत ठेवलं. मग गुडघे सुजले, स्क्रू बसवायला जाणं झालं नाही, आणि काकांच्या बाजूला भिंतीवर वाकलेला तो एक तुरा तसाच उघडा राहिला.

नवे डोळे घेऊन अक्का परत आली ती थेट खिडकीशीच. मी तिथेच पडले होते, त्यामुळे तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसला. आधी तो उजळला आणि मग उतरला.

"अगं, हे कधी बांधलंस?"

"फूल आलं त्याच दिवशी!" मावशी अभिमानाने म्हणाल्या. "एक दिवस उशीर केला नाही."

"पिशवी काढून बघ बरं."

मावशींनी एक पिशवी सोडली, दुसरी सोडली, सगळ्या सोडल्या. आत सुकलेल्या काड्या, आणि तळाशी चार पोचट दाणे.

"माशी कुठून शिरणार गं आत?" अक्का हळूच म्हणाली. "फुलांवर माश्या बसल्याशिवाय दाणा भरत नाही. दाणे धरले की मग बांधायच्या पिशव्या."

"मागून आणखी तुरे येतील ना?"

"येतील. पण आता उन्हं तापली. ते करपतात."

मावशी पायरीवर मटकन बसल्या आणि पदराआड रडायला लागल्या. "आईचं वाण मी माझ्या हाताने गुदमरवलं, अक्का."

अक्काने त्यांच्याकडून एक पिशवी मागून घेतली. ती उलटी केली, शिलाईवरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिली. "टाका मात्र काय घातलायस!" ती म्हणाली.

"चिडव आता. चिडव."

"चिडवत नाही. इतकी वर्षं मी तुला झाडातलं काही कळत नाही म्हणून हिणवत आले. तुझं शिवण कधी असं डोळे भरून पाहिलंच नाही. फुलासाठी एवढं कोण करतं गं?"

मलाही रडू आलं असतं, पण लोखंडाला पाणी सोसत नाही.

तेवढ्यात भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. "अहो मावशी, तुमचा एक तुरा माझ्या अंगणात लोंबतोय. माश्यांनी नुसता धुमाकूळ घातला होता. आता दाणे टच्च भरलेत, चिमण्या घिरट्या घालतायत. कापून टाकू का?"

"हात लावू नका!" दोघी बहिणी एकदम ओरडल्या. काका घाबरून खालीच बसले.

सुजलेल्या गुडघ्यांनी मावशी त्याच पावली सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेल्या आणि मला नवा स्क्रू बसवून आणला. दाण्यांचा हिरवेपणा जाऊन ते पिवळसर व्हायला लागले, तेव्हा अक्का म्हणाली, "उद्या पहाटे, दव असताना कापायचं. दवाने दाणा धरून राहतो. पण धक्का बसता कामा नये. चांगली धारेची कात्री हवी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर कापडाशिवाय काही नाही!

"हीच घेऊ," त्या म्हणाल्या. "पण एका हातात देठ, दुसऱ्यात कात्री. खाली कापड कोण धरणार? काकांना हाक मारते."

"मी धरते," अक्का म्हणाली.

"पायऱ्या आहेत."

"दिसतात मला आता. आणि हाड मोडलं होतं, हात नव्हेत."

"मग माझ्या खांद्याला धरून उतरायचं," मावशी म्हणाल्या.

पहाटे दोघी एकेक पायरी उतरल्या. मी मावशींच्या हातात होते. अक्काने मलमलीचा उरलेला तुकडा तुऱ्याखाली ताणून धरला, आणि मावशींनी माझी पाती देठाला लावली. हिरव्या, ओल्या देठाला लागायची ही माझी पहिलीच वेळ. मी जन्मात इतकं हळू कधी कापलं नव्हतं. एक दाणासुद्धा खाली पडला नाही.

तुरा मावशींच्या त्या सुंदर पिशव्यांपैकी एकीत घालून सावलीत उलटा टांगला. वाळल्यावर अक्काने तो तळव्यांवर चोळला आणि मावशींनी फुंकर घालून कोंडा उडवला. ओंजळभर बी निघालं. एकेक दाणा दोघींनी तोंडात टाकला. "आईचीच," अक्का म्हणाली, आणि उरलेलं सगळं पेरणीसाठी बांधून ठेवलं.

आता वाफ्यात नवी रांग उगवली आहे. अक्का रोज पायऱ्या उतरून स्टुलावर बसते, मावशींना झाडांचं शिकवते नि मावशी तिला टाके घालायला शिकवतात. मावशींनी माझं फ्लॅनेल काढून टाकलं आहे. मी परसदारी खिळ्याला लटकते, सगळ्यांच्या हाताशी.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जपा, जुनी माणसं जपा. आम्हाला तेल लावा, आमचे स्क्रू बघा, चढउतारावर हात द्या. पण गुंडाळून ठेवू नका. आम्हाला काम द्या, वारा लागू द्या, चार माश्या बसू द्या.

माझ्या पात्यांना अजून बडीशेपेचा वास येतो. मावशी मला रोज पुसतात, पण टोकं तेवढी सोडून देतात.