अंगुस्तानाची शेवटची गोधडी

गोधडी शिवणाऱ्या बाईच्या मधल्या बोटावर पितळेची एक टोपी असते. ती टोपी म्हणजे मी. माझे शुद्ध नाव अंगुस्तान. परंतु या घरात मला सगळे ‘टोपण’ म्हणतात. टोपण बाटलीला असते. पन्नास वर्षांत ही तक्रार मी कोणाजवळ केली नाही, आणि आता करण्याचे त्राणही उरलेले नाही.

एका तांबटाने मला घडवले. त्याने माझ्या अंगावर बारीक खळगे ठोकले, ते शोभेसाठी नव्हेत. सुईचे बूड त्या खळग्यात टेकते, बोट जोर लावते, आणि चार पदरी कापडातून सुई पार जाते. सुई मिरवते, दोरा दिसतो, कात्री आवाज करते. मेणाचा खडासुद्धा दोरा गुळगुळीत केल्याचे श्रेय घेतो. माझ्या वाट्याला केवळ टोचून घेणे आले.

अहल्याबाई लग्न होऊन, रेल्वेत नोकरीस असलेल्या पतीबरोबर उज्जैनला आल्या, त्याच वर्षी त्यांनी मला विकत घेतले. पुढे साऱ्यांच्या त्या अक्का झाल्या. त्यांचा मुलगा सुधाकर आणि सुधाकरची मुले, शर्वरी व सुमीत, अशी तिघेही आम्ही शिवलेल्या गोधडीवर वाढली. घरचा नेमच होता: बारशाला बाळ पाळण्यात घालायचे, ते घरातील सर्वांत वडील बाईच्या, नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्यांच्या गोधडीवर. नवे कापड बाळाला बोचते, असे अक्का म्हणत.

त्यानंतर घरात विकतच्या रजया आल्या, गच्चीवरून केबलची तार आली, आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो. खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. मी थकलो होतो. माझा माथा झिजून कागदासारखा पातळ झाला होता.

सत्त्याण्णव साली शर्वरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि डबा पुन्हा उघडला. अक्कांनी पाच जुनी लुगडी माळ्यावर जपून ठेवली होती. मात्र त्या सोमवती अमावास्येला राम घाटावर स्नानास गेल्या असताना त्यांच्या सुनेने, कल्पनाबाईंनी, माळा स्वच्छ केला.

“कल्पना, माळ्यावरचं गाठोडं कुठंय गं?”

“ते फाटकं? बर्तनवालीला देऊन टाकलं. हे पातेलं बघा अक्का, केवढं मोठं! ती तर अजून दोन साड्या मागत होती, मीच अडून बसले.”

अक्कांनी पातेले हातात घेतले, बोटाने वाजवून पाहिले.

“छान आहे. बाळाला यातच निजवू. वर झाकण ठेवलं की डासही नाहीत.”

कल्पनाबाईंचा चेहरा उतरला. “अहो, मला काय माहीत! टावर चौकात किती मस्त बेबी ब्लँकेटं मिळतात, चेनवाली. आत्ता घेऊन येते ना.”

“चेन पिशवीला असते.”

कल्पनाबाई नानाखेड्यापर्यंत त्या बर्तनवालीला शोधून आल्या. ती सापडली नाही. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या साड्यांचा ढीग आणून ठेवला. त्यात एकही सुती नव्हती. ते कापड हाताखालून निसटे, टाका घातला की चुणी पडे. दोन ओळी शिवून अक्कांनी त्या उसवल्या.

“याला घाम टिपता येत नाही, कल्पना. तुझी चूक नाही. आता सुती नेसतंय कोण?”

त्याच आठवड्यात शर्वरीला मुलगी झाली. बारशाला बारा दिवस उरले, आणि अक्कांच्या पणतीसाठी घरात हातभर मऊ चिंधी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या खोलीचे दार बराच वेळ बंद होते. मी आत होतो, म्हणून सांगू शकतो. रोजच्या वापरातील त्यांची दोनच लुगडी होती; एक अंगावर, एक दांडीवर. त्यांनी दांडीवरचे काढले, अंगावरचे सोडले, आणि दोन्हींना कात्री लावली. दार उघडले तेव्हा जन्मभर नऊवारी नेसलेल्या अक्का सुनेची फुलाफुलांची मॅक्सी घालून उभ्या होत्या.

दाराशी दूधवाला आला होता. तो म्हणाला, “बहनजी, माताजी को बुला दो.”

“माताजीच आहे रे! दूध दे आणि नीघ.”

सुधाकरने वर्तमानपत्रातून मान वर केली आणि लगेच खाली घातली. कल्पनाबाई मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

अक्कांनी लुगडी जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर वजने ठेवली, कच्चे टाके घातले. मग कडेपासून मध्याकडे, ओळीमागून ओळ, आम्ही निघालो. प्रत्येक टाक्याला माझ्या माथ्यावर भार येई. बारशाला चार दिवस असताना माझा माथा फुटला. सुई माझ्यातून आरपार गेली आणि अक्कांच्या बोटात रुतली. ज्या बोटाला मी पन्नास वर्षे राखले, त्याचे रक्त मी पाहिले. अक्कांनी बोट चोखले, माझ्यात चिंधीचा बोळा कोंबला आणि पुन्हा शिवायला घेतले. दुसऱ्या दिवशी ते बोट सुजले. माझ्यात ते शिरेना.

“द्या इकडे,” कल्पनाबाई खाली बसत म्हणाल्या.

“तुला जमायचं नाही.”

“मग शिकवा. तोंडानं तर शिवता येतं ना तुम्हाला?”

अक्का हसल्या. उरलेल्या ओळी कल्पनाबाईंनी घातल्या. त्या इतक्या तिरप्या होत्या की मी लाजलो.

“उसवू का अक्का?”

“राहू दे. वाचायला का दिलंय तिला?”

बारशाला शर्वरीची मुलगी त्या गोधडीवर निजली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाच बायका भोवती गलका करीत होत्या, तरी ती जागी झाली नाही.

सुधाकरने आईला दोन नवी सुती लुगडी आणली. ती पुठ्ठ्यासारखी कडक आहेत. अक्का ती आलटून पालटून नेसतात, दगडावर स्वतः धुतात. “सुमीतच्या पोरापर्यंत मऊ व्हायला हवीत,” असे कल्पनाबाईंना सांगतात. सुमीत अजून कॉलेजात आहे. अक्का सत्तरीच्या आहेत. त्यांचा हिशेब मला पटतो; कापड मऊ व्हायला माणसाने नेसावे लागते, दुसरा उपाय नाही.

मी त्या कामी येणार नाही. कल्पनाबाईंनी मला चिंचेने घासून डब्यात परत ठेवले आहे. हा मान मोठा आहे, परंतु आता झोप हवी. एकच विनंती करतो. नवे अंगुस्तान आणाल, तेव्हा मला त्याच्या शेजारी ठेवू नका. पहिल्याच दिवशी त्याने माझे भोक पाहू नये.