सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही

शाळा बंद ठेवल्या तर शिव्या, उघडल्या तर शिव्या, आणि अर्ध्या उघडल्या तर दोन्हीकडून शिव्या. साथीच्या त्या वर्षी शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा ज्याच्या हाताखाली होत्या, त्या शिक्षणाधिकाऱ्याला सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत पहिली शिवी फोनवरून मिळायची. एखादा बाप म्हणायचा, पोरं घरात बसून माकडं झाली, उघडा शाळा. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच कुणाची तरी आई, आमची पोरं मारायला निघालात का? दोघांनाही याचं उत्तर एकच, "आपलं म्हणणं नोंदवून घेतलंय." बायको ओट्याजवळून म्हणायची, "अहो, नोंदवलंत कुठे? हातात तर पाव आहे."

त्याला सगळे 'तराजू' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे तराजू. खरं सांगायचं तर त्याला ते पाठीमागचं नावच जास्त आवडायचं. बदली असो की बढती, कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा त्याच्याकडे चालायचा नाही. आपलं माणूस समोर आलं की याचा काटा मुद्दाम दुसऱ्या बाजूला झुकायचा. आता आपल्या माणसाच्या विरुद्ध झुकलेला तराजूही खोटाच, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी यानं ऐकलं असतं थोडंच!

याचा पहिला हिसका बसला तो ताईला. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. आई कामाला जायची, त्यामुळे नाक पुसण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत याला वाढवला तो तिनंच. हा खुर्चीवर बसला तेव्हा लोक कुजबुजले, आता बघा, बहीण घराजवळच्या शाळेत येते की नाही. झालं! यानं तिला उचलली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदामांच्या रस्त्यावरच्या शाळेत नेऊन टाकली. ताई दोन बस बदलून जायला लागली. "लोकांचे भाऊ साहेब झाले की बहिणींच्या दारात गाड्या येतात," ती हसत म्हणायची, "माझ्या नुसत्या चपला झिजल्या." पण गेली. कुरकुर करणं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि आपल्या बाळ्याचं नाव व्हावं असं तिलाही वाटायचंच की.

साथ आली, शाळांना कुलपं लागली, शिक्षक घरून स्क्रीनवर शिकवू लागले. काही महिने बरे गेले. मग ओरड सुरू झाली, मास्तर घरी लोळून पुरता पगार खातात. शिक्षण मंडळाच्या अध्यक्षांना निवडणूक दिसायला लागली होती. ते याच्या टेबलावर बोटं आपटत म्हणाले, "साहेब, मुलं नसली तर नसू देत. पण मास्तर शाळेत दिसले पाहिजेत."

आणि यानं नियम काढला. मुलांनी घरीच बसायचं. शिक्षकांनी मात्र रोज शाळेत यायचं, आपापल्या रिकाम्या वर्गात बसायचं आणि तिथून स्क्रीनवर शिकवायचं. बाकं साक्षीला! हसण्यासारखंच होतं, पण लोकांची ओरड थांबली, आणि ओरड थांबली की कुठल्याही साहेबाला आपण बरोबर आहोत असंच वाटतं.

ज्यांना काही दुखणं असेल त्यांनी अर्ज करावा, घरून शिकवायची सवलत मिळेल, असंही त्यात होतं. अर्ज आले. कुणाचा मधुमेह, कुणाची किडनी. त्यानं भराभर मंजूर केले; माणूस काही दगड नव्हता. त्यातच ताईचा अर्ज निघाला. ताईला लहानपणापासून दमा. तिला धाप लागली की पंप शोधायला घरभर धावायचा तो हाच बाळ्या.

त्याच्या हाताखालच्या उपअधिकारी बाई टेबलापलीकडे उभ्या होत्या. "हा तर मंजूरच आहे ना साहेब," त्या म्हणाल्या. "दम्याचे दोन आत्ताच मंजूर केलेत तुम्ही."

"ते दोघं माझे कुणी लागत नाहीत."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून लोक काय म्हणतील ते तुम्हाला ऐकावं लागत नाही. मला लागतं," तो म्हणाला आणि त्यानं 'नामंजूर' लिहून खाली सही ठोकली. रिकाम्या वर्गात एकटीच तर बसणार आहे, होतंय काय तिला, अशी मनाची समजूतही घातली. ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळांतून फिरली. तराजूनं सख्ख्या बहिणीलासुद्धा सोडलं नाही! त्या दिवशी तो जेवताना दोन घास जास्त जेवला.

थोड्याच दिवसांनी ताईचा फोन आला. वर्गात एकटीच तर असतेस ना, हा म्हणाला.

"एकटी कुठली रे बाळ्या! इथे नेट फक्त स्टाफरूममध्ये येतं. वर्गात बसलं की पोरांची तोंडं गोठतात नुसती. मग काय, आम्ही सगळेच एका खोलीत. इकडे माझी बाराखडी, तिकडे कुणाचा भूगोल, कोपऱ्यात ड्रॉइंगचे सर हत्तीची सोंड काढून दाखवतायत. बाहेर ट्रकांची पोंपों, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. हसून हसून मरायची वेळ आलीय. पण खरं सांगू? जीव कोंडतो रे माझा. काहीतरी कर."

याला तिथल्या तिथे समजायला हवं होतं. एक माणूस पाठवून तार ओढून घेतली असती तरी भागलं असतं. पण याच्या डोक्यात भलतंच. "ताई, हे असं फोनवर नको सांगूस मला. मुख्याध्यापिकाबाईंकडून लेखी येऊ दे. नाहीतर लोक म्हणतील, बहिणीनं कान भरले."

ताई म्हणाली, "बरं, साहेब."

ती आजवर त्याला कधी साहेब म्हणाली नव्हती. थट्टा करतेय, असं त्याला वाटलं.

लेखी काही आलं नाही. येणार कसं? मुख्याध्यापिकाबाईंना पुरतं ठाऊक होतं, तक्रार केली की आधी तक्रार करणाऱ्याच्याच शाळेची तपासणी होते. आला तो थेट ताईच्या यजमानांचा फोन, तोही दोनच वाक्यांचा. हिला हॉस्पिटलात हलवलंय. ऑक्सिजन लावलाय.

तो धावला. त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. साहेबगिरी तिथे कोण विचारतो! फाटकाबाहेर उभं राहून तो वरच्या मजल्याच्या काचांकडे बघत राहिला, त्यातली ताईची कुठली तेही कळेना. तिथून रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तो सरळ कचेरीत आला आणि खुर्चीत बसला.

"साहेब," उपअधिकारी बाई म्हणाल्या, "आता तरी हा नियम रद्द करू या. आज कागद काढला की उद्यापासून सगळे घरी."

"हो," तो म्हणाला. "काढा. काढाच." त्यानं पेन हातातही घेतलं. आणि मग, काय म्हणावं या माणसाला, खाली ठेवलं.

"का हो?"

"आज काढला तर लोक काय म्हणतील? दुसऱ्यांची माणसं पडली तेव्हा हा झोपला होता, बहीण पडली तसा जागा झाला. नको. पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक आहे. तिथे रीतसर विषय ठेवू, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको."

"आणि तोवर?"

"आठवडाभराचाच तर प्रश्न आहे."

बाई निघून गेल्या. त्यांनी दार जरा जोरानंच लावलं.

त्या आठवड्यात ताईचा पहिलीचा वर्ग ड्रॉइंगच्या सरांनी अंगावर घेतला. त्यामुळे त्यांचा त्या कोंदट खोलीतला मुक्काम दुप्पट झाला. आधी आपली चित्रकला, मग ताईची बाराखडी. पोरांना त्यांनी अक्षरांपेक्षा प्राणीच जास्त शिकवले म्हणे. बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांना ताप भरला.

बैठकीत नियम एकमतानं रद्द झाला. अध्यक्षांनी तर असं भाषण ठोकलं, जणू हा नियम लादायला शेजारच्या शहरातून कुणी आलं होतं. आणि त्याच दुपारी ड्रॉइंगचे सर गेले.

आता याची अपेक्षा काय? लोक म्हणतील, साहेबांनी कसं रीतसर केलं. लोक म्हणाले तेच, जे तो आठवडाभर टाळत होता. बहीण पडली तेव्हा याचे डोळे उघडले! फोनवर म्हणाले, कचेरीच्या पायऱ्यांवर म्हणाले, पेपरातही छापून आलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

ताई वाचली. घरी आली, पण आधीची ताई नव्हती. तिचा आवाज वर्गाच्या भिंती ओलांडून रस्त्यावर जायचा, तो आता पलंगापासून दारापर्यंत पोचेना. हा भेटायला गेला तेव्हा भाऊजींनी दार उघडलं, पण 'ये' म्हटलं नाही. आत तोंड करून म्हणाले, "आला बघ, कुऱ्हाडीचा दांडा. गोतास काळ."

"अहो, असू द्या," ताई आतून म्हणाली. "ये रे बाळ्या. लांब बस, पण बस."

तो दारापाशीच स्टुलावर बसला. याला वाटलं होतं ती रडेल, निदान बोलेल तरी. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली.

"केवढा वाळलास! जेवतोस ना? हे बघ, मला नाकारलंस ना, त्याचा राग मी हॉस्पिटलातच सोडून आले. म्हटलं, गाढव आहे, पण आपलं गाढव आहे."

इतक्या दिवसांत त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. आता आपणही तिला काहीतरी द्यावं, तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं त्याला झालं. "ताई," तो म्हणाला, "तुला नेलं ना, त्याच दिवशी मी नियम रद्द करायचं ठरवलं होतं. पेनसुद्धा हातात घेतलं होतं बघ."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. शपथेवर सांगतो."

"मग खाली का ठेवलंस?"

आणि यानं सांगितलं. लोक काय म्हणाले असते, बैठक, रीतसर विषय, सगळं. सांगता सांगता आपण काय सांगतोय ते त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

ताईचं हसू कधीच गेलं होतं. ती उठून बसायला लागली; भाऊजी पुढे झाले, तिनं हातानं त्यांना थांबवलं.

"त्या दिवशी सर ठणठणीत होते," ती म्हणाली. "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मला फोन केला होता त्यांनी. बाई, तुमची पोरं मला मांजराला सहा पाय काढायला लावतायत, लवकर बऱ्या व्हा." मग तिला धाप लागली. धाप ओसरल्यावर ती म्हणाली, "माझ्यासाठी नियम वाकवला नाहीस, ते मी गिळलं. पण मी पडले म्हणून दुसऱ्यांना वाचवायचं थांबलास? हे कुठल्या तराजूत बसतं रे?"

"ताई, मी—"

"मला नको सांगूस. त्यांच्या बायकोला जाऊन सांग. आत्ता मला सांगितलंस तसंच. पेनासकट."

दुसऱ्या दिवशी तो गेला. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दाराशी सरांच्या चपला अजून तशाच. खिडकीत बरणीभर ब्रश वाळत ठेवलेले. सरांच्या बायकोनं दार उघडलं आणि त्याला बघून पदर सावरला.

"साहेब, तुम्ही स्वतः आलात! बसा, बसा."

नको नको म्हणेपर्यंत तिनं चहा ठेवलासुद्धा. कप हातात आल्यावर तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगते साहेब, नाहीतर राहून जाईल." ती समोर बसली. "यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं. सवलतीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहून दिला होता. यांनी तो दिलाच नाही. म्हणाले, साहेबांनी सख्ख्या बहिणीलासुद्धा सवलत दिली नाही, असा माणूस वर बसलेला असताना आपण कसलं रडगाणं गायचं? लाज वाटते. फार मानायचे तुम्हाला."

त्यानं कप बशीत ठेवला. लगेच परत उचलला.

"आता लोक वाटेल ते बोलतात," ती पुढे म्हणाली. "बहिणीसाठी नियम काढून टाकला म्हणे. मी भांडते एकेकाशी. म्हणते, अरे, बहिणीसाठीच काढायचा असता तर तो माणूस आठवडाभर थांबला असता का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मूल मोठ्यानं हाका मारत होतं. तो चहा प्यायला. सगळा प्यायला, पोळला तरी.

"तुम्ही काहीतरी सांगणार होतात ना?"

"काही नाही," तो म्हणाला. "सरांच्या कागदपत्रांचं काही अडलं तर मला सांगा. मी लवकर करून देतो."

"छे छे! रांगेनंच येऊ द्या साहेब. यांना आवडलं नसतं."

तो जिना उतरत होता तेव्हा फोन वाजला. ताई होती.

"सांगितलंस?"

तो पायरीवरच थांबला. "ताई, अगं, त्यांनी चहा केला होता," तो म्हणाला.

पलीकडे ताई नुसता श्वास घेत राहिली. तेवढंही तिला आता कष्टाचं होतं.

"बरं, साहेब," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.