'कमिटेड'खालची सही

वृद्धाश्रमातल्या त्या आयाबाईंना सगळे मावशीच म्हणत. एकोणीस वर्षं त्या दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची अंगं पुसत, कुशी बदलत, घास भरवत आल्या होत्या. तिथल्या एका खाटेच्या कठड्याची खिट्टी सैल झाली होती. मावशींनी ती मॅनेजरसाहेबांना दोनदा दाखवली. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "बघतो." ते बघायच्या आतच कठडा निसटला, खाटेवरचे आजोबा पडले आणि खुबा मोडून दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इंग्रजीतला कागद पुढे सरकवला. "झाल्या प्रकाराची नोंद आहे. सही करा."

मावशींचं इंग्रजी अक्षरं जुळवण्यापुरतं. बोट फिरवता फिरवता एका शब्दापाशी त्या थांबल्या. कमिटेड! हा तर ओळखीचा. गेल्या वर्षीच्या प्रशस्तिपत्रावर हाच होता आणि साहेबांनीच अर्थ सांगितला होता, जीव ओतून काम करणारी. एवढं होऊनही साहेबांनी चांगलंच लिहिलंय म्हणून मावशींना भरून आलं. त्यांनी सही केली आणि एक प्रत घरी नेली.

सुनेनं ती वाचली. "आई, हे काय केलंत?"

"का गं? कमिटेड लिहिलंय ना?"

"माणूस कमिटेड असला तर चांगलं हो. पण इथे पुढे निष्काळजीपणा आहे. म्हणजे तो तुम्ही केलात. चोरी केली, खून केला, तरी हाच शब्द लावतात."

"हाच?"

"हाच."

सकाळी दोघी साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"खिट्टीचं मी सांगितलं होतं, साहेब."

"लेखी आहे काही?"

"तोंडीच सांगितलं होतं, दोनदा."

"सही तुमचीच ना? मग मी तरी काय करू? तुम्हाला काढायचा हुकूम वरून आलाय."

सून भांडायला सरसावली, तर मावशींनीच तिचा हात धरला. स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर ओरडायचं तरी कुणाच्या नावानं?

सामान घ्यायला त्या वर गेल्या. नवी बाई लकव्याच्या आजोबांना वळवायला झटत होती आणि आजोबा घाबरून कण्हत होते.

"आधी बोल त्यांच्याशी," मावशी म्हणाल्या. "मग खांद्याखाली हात घाल. हं, अस्सं."

आजोबा शांत झाले. नवी बाई हळूच म्हणाली, "उद्याही याल का थोडा वेळ?"

"उद्यापासून मला आत सोडणार नाहीत गं," मावशी म्हणाल्या आणि आजोबांचं पांघरूण नीट करत राहिल्या.