पूजेतली मैलाटाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. कसली, ते सांगते. आधी जेवणं आटोपून घ्या. रावसाहेबांच्या सहलीच्या बोटीतल्या संडासाची मी मैलाटाकी. साठ लिटरची, पांढऱ्या प्लॅस्टिकची. येईल ते धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. तक्रारीला तोंड होतं, पण ते वर डेकवर, आणि त्यावर घट्ट पितळी झाकण.

त्या झाकणानेच घात केला. १९९४ साली बोट दिवाळे गावच्या जेट्टीला लागली, तेव्हा नेरूळहून रावसाहेबांच्या पत्नी जयमालावहिनी पूजेला आल्या. अख्ख्या बोटीत चकाकणारी वस्तू तेवढीच. वहिनींनी झाकणाला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, नारळ फोडला. बोट चालवणारा सिताराम कोळी काही बोलणार, तोच रावसाहेब कुजबुजले, "राहू दे रे. तिला बरं वाटतंय."

झालं! झाकणापाशी चपला बंद, हात लावणं बंद. खरं तर दर पंधरवड्याला झाकण उघडून टँकरचा पाइप आत सोडायचा, अशी माझी सोय. मग चार वर्षं सिताराम मला चोरून उपसायचा, झाकण घासायचा आणि पुन्हा कुंकू लावायचा. त्याची बायको वेणूबाई हसायची, "पुजारी झाला गो माजा नवरा!" मी मात्र थकत चालले होते. नमस्काराने पोट हलकं होत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या नवरात्रात वहिनींनी झाकणावर नऊ दिवसांचा दिवा लावला. रोज पाहुणे, रोज फराळ, रोज मी. टँकरला बोलवायची सोयच उरली नाही. आठव्या दिवशी ऐन आरतीत मी काठोकाठ भरले.

"सिताराम, खालचा कॉक फिरव," रावसाहेब हळूच म्हणाले. "खाडीत सोडून दे."

ओहोटी होती. जेट्टीखाली वेणूबाई गुडघाभर चिखलात शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होती. त्या घरी शिजायच्या, उरलेल्या बेलापूरच्या बाजारात जायच्या.

"साहेब, वेणू हाय तिथं."

"मग तिला बाजूला व्हायला सांग."

"ती व्हईल. शिवल्यांना कोन सांगनार?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

सितारामने एकदा चिखलाकडे पाहिलं. मग त्याने चपला काढल्या, दिवा अलगद बाजूला ठेवला, "माफी करा, वहिनी" म्हणाला आणि झाकण उघडलं.

मित्रांनो, मी चार वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंड उघडलं. आरती जागच्या जागी थांबली.

"कसली टाकी आहे ही?" वहिनींनी पदराआडून विचारलं.

"संडासाची, वहिनी."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

रावसाहेब उरणच्या डोंगरांकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

"सिताराम, टँकर बोलवा," वहिनी म्हणाल्या. "उद्याही तुम्हीच यायचं. आणि पाइप आज हे धरतील."

रावसाहेबांनी धरला. दोन्ही हातांनी.

आता बोट मोडीत निघाली आहे, मीही. उरलेल्या माझ्या बहिणींसाठी एवढंच मागते: त्यांना वेळेवर उपसा. कंटाळा आला म्हणून कॉक फिरवायचाच झाला, तर आधी काठावरून खाली वाकून बघा. चिखलात कुणीतरी संध्याकाळचं जेवण वेचत असतं.