विल्माचे जंगली अमीबा

आमच्या मिनेसोटातल्या प्रयोगशाळेत चिपा बनवते ती विल्मा केटुनेन. काचपट्टीवर चिकटवलेला सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा, आणि त्यात केसाहून बारीक वाटा. ऑक्टोबरात तिनं एक नवी चिप केली: ठिकठिकाणी फाटे, प्रत्येक फाट्याची एक वाट पुढे जाणारी, एक बंद.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या डेस्मंडनं ती पाहिली नि त्याला चेव आला. "माझे अमीबा सोड यात. जनुक बदललेत त्यांचे, दुप्पट पळतात."

"मग लावू शर्यत," विल्मा म्हणाली. "माझ्याकडे मेपलच्या झाडाखालच्या मातीतले आहेत."

"मातीतले? त्यांना काय कळणार चिपमधलं?"

"तुला तरी कुठे कळतं? बनवते मीच."

शनिवारी सकाळी दोन सारख्या चिपा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. दोन्हींत सगळीकडे फॉलिक आम्ल भरलं होतं. अमीबाचं भक्ष्य म्हणजे जिवाणू, आणि त्यांचा माग याच आम्लावरून लागतो. वेळेची नोंद माझ्याकडे होती.

पहिली वीस मिनिटं डेस्मंडचीच. त्याचे अमीबा सुसाट निघाले. विल्माचे आपले हळू, घोळक्यानं.

"झोपलेत का गं तुझे?"

"जेवतायत. तू बघ पुढे."

पहिल्या फाट्यावर डेस्मंडचे निम्मे अमीबा बंद वाटेत घुसले आणि पार टोकाला जाऊन अडकले. पुढच्या फाट्यावर उरलेल्यांतले निम्मे गेले. विल्माचा घोळका मात्र फाट्याशी रेंगाळला, आणि मग जवळजवळ सगळाच बरोबर वळला. दुसऱ्या फाट्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. मी खुर्चीतून कधी उठलो, मला कळलं नाही. एक तास बावन्न मिनिटांनी विल्माचा पहिला अमीबा बाहेर पडला.

डेस्मंडचा आवाज बदलला होता. "आम्ल तर सगळीकडे सारखंच होतं. मग यांना पुढची वाट कळली कशी?"

मी चिपेकडे बोट दाखवलं. "विल्मा म्हणाली ना, जेवतायत! जाता जाता ते आम्ल फस्त करतात. बंद वाटेतलं थोड्याच वेळात संपतं, मोकळ्या वाटेतलं पुढून येत राहतं. जिकडे जास्त, तिकडे वळायचं. तुझे इतके घाईत असतात की हा फरक पडण्याआधीच आत शिरतात."

"तोंडानं सांगू नकोस," विल्मा म्हणाली, "करून दाखव."

सोमवारी आम्ही आम्लाऐवजी त्याच्यासारखाच, पण अमीबांना मोडून फस्त करता न येणारा पदार्थ भरला. विल्माचे तेच अमीबा पहिल्या फाट्यापर्यंतही धड पोचले नाहीत. सुरुवातीलाच सैरावैरा फिरत राहिले. पुन्हा आम्ल भरलं, तर सरळ बाहेर. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

डेस्मंडनं ओस्लोला गेलेल्या आमच्या प्राध्यापकांना फोन लावला. दोन वाक्यं बोलला, तिसऱ्याला आनंदानं अडखळला. मग फोन विल्माच्या हातात देत म्हणाला, "तूच सांग. मला नीट बोलताच येत नाहीये."