माझा वैमानिक आणि ताईचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे. एवढं ऐकून लगेच ताठ उभे राहू नका, कारण मी फोमचा आहे. नवा टीव्ही खोक्यातून काढताना त्याच्या कडेला पांढरे हलके तुकडे निघतात ना, त्यांच्याच नात्यातला. पंखांसकट मला दारातून न्यायचं तर तिरकं करावं लागतं, पण उचलायला एक हात पुरतो. अंगावर हिरवे-करडे डाग, शेपटीवर रुबाबदार आकडे, आणि उडवणारा मात्र खाली गवतात रिमोट घेऊन उभा. नाव मोठं, लक्षण खोटं, असाच माझा एकूण प्रकार होता.

माझा जन्म साच्यातला. साच्यात बारीक दाणे भरले, गरम वाफ सोडली, दाणे फुगून एकमेकांना चिकटले आणि मी झालो. माझ्यासारखे शेकडो भाऊ त्याच दिवशी झाले असतील. खऱ्या विमानात जिथे वैमानिक बसतो, तिथे आम्हा सगळ्यांना काळ्या प्लास्टिकचा एक फुगवटा लावलेला होता. दुरून बघणाऱ्याला वाटावं की काळी काच आहे आणि आत कोणीतरी बसलेलं आहे. आत कोणीही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी माझी मूठ झाकलेली होती म्हणूनच तिला किंमत होती.

मला ज्याने आणलं तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हा आपल्या खोलीत बसून दात घडवायचा. मला उडवायला तो ज्या मैदानावर न्यायचा, तिथले लोक त्याला दातवाले म्हणत. त्याच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. मी पहिल्या दिवशी छताला टांगला गेलो तेव्हा ते सगळे माझ्याकडे बघून हसत होते. पुढे सवय झाली. सुट्टीच्या दिवशी सकाळी मैदानावर जायचं, चार गिरक्या मारायच्या, घरी यायचं आणि जबड्यांच्या संगतीत लटकायचं, असं माझं सुखाचं चाललं होतं.

मग त्याची थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली.

ताई अंगाने लहानशी, पण तिचे हात मोठे आणि टणक होते. आल्या आल्या तिने मला खाली उतरवायला लावलं, चष्मा पुसला आणि माझ्या काळ्या फुगवट्यावर डोळा टेकवला.

"छोट्या, आत काय आहे रे?"

छोट्या म्हणजे हा दातवाला. साठी उलटली तरी ताईच्या तोंडी तो छोट्याच होता.

"काही नाही. बॅटरी."

"मग माणूस कुठे बसतो?"

"माणूस कशाला हवा? मी खालून उडवतो ना."

मला परत देताना ताईने त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला, एखाद्या बंद खोलीचं दार चाचपावं तसा.

तिने का विचारलं, ते मला नंतर कळलं. ताईने उभी हयात एका कारखान्यात शिवणकाम केलं होतं, आणि ते कपड्यांचं नव्हतं. लढाऊ विमानातल्या वैमानिकाला खुर्चीत घट्ट धरून ठेवणारे पट्टे ती शिवायची. जाड दोरा, जाड सुई, आणि एक टाका सैल गेला तर सगळी शिवण उसवून पुन्हा. पट्टे तयार झाले की गठ्ठे बांधून पलीकडच्या फाटकातून जायचे. शिवणाऱ्या बायकांना त्या फाटकापलीकडे जाऊ देत नसत. एवढे पट्टे शिवले, पण त्यातला एकही माणसाच्या अंगावर लागलेला तिने कधी पाहिला नव्हता.

एकदा एक विमान पडलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्या खेपेचे उरलेले पट्टे घेऊन गेले. पुढे काय झालं ते शिवणाऱ्यांना कोणी सांगितलं नाही. ताईने तीनदा विचारलं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा."

"मी काम केलंच," ताई भावाला म्हणाली. तो प्लास्टर कालवत होता आणि मी वर टांगलेला ऐकत होतो. "पण पट्ट्याने त्याला धरलं होतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. आजपर्यंत नाही कळलं."

दातवाला प्लास्टर कालवत राहिला. ते भांड्यातच घट्ट झालं, तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्याने मला खाली घेतलं आणि धारदार पातं उचललं.

मित्रांनो, फोमला दुखत नाही, पण भीती वाटते. त्याने माझा काळा फुगवटा काढून टाकला, बॅटरी पुढे नाकात सरकवली आणि पाठीत खड्डा कोरला. मी आतून पोकळ व्हायला लागलो. आता हा मला फेकून देणार, असंच मला वाटलं. पण त्याने त्या खड्ड्यात एक खोली बांधायला घेतली. आगपेटीएवढी खोली! तिला पुठ्ठ्याच्या भिंती, भिंतींवर टाचणीच्या टोकाने ठेवलेले गोंदाचे ठिपके, आणि वर रंग चढल्यावर ते ठिपके हुबेहूब पत्रा जोडणाऱ्या रिबिटांसारखे दिसू लागले. समोर वेग आणि उंची दाखवणाऱ्या घड्याळांची पाटी. एकेक घड्याळ मसुराच्या डाळीएवढं, त्यात काटे, काट्यांवर पारदर्शक लाखेचा थेंब. थेंब वाळला की घड्याळाला काच बसली! गुळगुळीत दातांवर नैसर्गिक डाग रंगवायला त्याच्याकडे एक अगदी बारीक कुंचला होता. त्याच कुंचल्याने, वैमानिकाचे बूट घासून जिथे रंग गेला असता, तिथे त्याने चंदेरी ओरखडे काढले. कधी कोणी बसलंच नव्हतं तिथे बसण्याच्या खुणा उमटल्या. मी थक्क झालो. ज्याच्या आत काल काहीच नव्हतं, त्याच्या आत आज जुनी वहिवाट होती.

रात्री दात खाणाऱ्या लोकांसाठी पारदर्शक कव्हर बनवायचं एक यंत्र त्याच्याकडे होतं. तापवलेलं प्लास्टिक ते साच्यावर ओढून घ्यायचं. त्या यंत्रातून माझी नवी काच निघाली, आणि पहिल्यांदाच मला आतपर्यंत ऊन लागलं.

वैमानिक त्याने कवळीच्या मालातून घडवला. त्यामुळे त्याचा चेहरा थेट हिरड्यांसारखा गुलाबी झाला. वजन वाढू नये म्हणून डोकं आतून कोरून काढलं होतं. माझ्या वैमानिकाच्या डोक्यात काही नाही, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, ती वस्तुस्थिती आहे.

शेवटी दातवाल्याने कागदाच्या पट्ट्या रंगवून त्याच्या छातीवर चिकटवल्या आणि अभिमानाने ताईला बोलावलं.

"हे काय?"

"पट्टे."

"हे पट्ट्यांचं चित्र आहे," ताई म्हणाली, आणि तिने नखाने ते खरवडून काढले. "आणि खाली गोंद लावून बसवलायस ना? सोडव त्याला. पट्टा आहे तर पट्ट्यानेच धरायला हवं."

"अगं ताई, बाहुला आहे तो!"

"मग काय झालं?"

दातवाल्याने हात टेकले आणि वैमानिकाखालचा गोंद सोडवला. ताईने सुती फीत उभी कापून अरुंद केली, कडा दुमडल्या आणि शिवायला बसली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यामुळे ती प्रत्येक टाका घातल्यावर बोटाने चाचपून बघायची. तिची सुई तशी जाडच, पण टाके इतके बारीक की दातवाल्याला भिंग घ्यावं लागलं. दात जोडायच्या तारेचं त्याने बक्कल वळवून दिलं. पट्ट्यांची टोकं खुर्चीतून खाली गेली आणि माझ्या पोटात पंखांच्या आधाराला असलेल्या लाकडी पट्टीभोवती शिवली गेली. एवढं सगळं, जे काच लावल्यावर धड दिसणारही नव्हतं! ताईने बक्कल अडकवलं, वैमानिकाला चिमटीत धरून ओढून पाहिलं, आणि मग कुठे मान डोलावली.

मैदानावर माझं फार कौतुक झालं. लोक वाकून वाकून आत बघायचे. लांबू नावाचा एक उंच गडी होता, त्याची स्वतःची तीन विमानं होती. तो मात्र हसला.

"दातवाले, आकाशात गेल्यावर आत कोण बघतंय हो?"

मी मनात म्हटलं, मी बघतो.

सरळ उडताना वैमानिक खुर्चीत आरामात बसून असायचा. पट्ट्याला काम असं नव्हतंच. हे ताईच्याही लक्षात आलं असावं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या मी येते मैदानावर. काच काढून उडव. आणि उलटं कर."

"ताई, सुटला तर एवढ्या गवतात सापडणार नाही तो."

"सुटला तर सुटला. मला कळेल तरी."

सकाळी ताई चपला घालायला बाहेर गेली आणि खोलीत आम्ही दोघेच उरलो. दातवाल्याने गोंदाची बाटली उचलली, झाकण उघडलं. वैमानिकाच्या खाली एक थेंब पुरला असता. ताईला कधीच कळलं नसतं, आणि ती सुखाने घरी आली असती. बाटलीचं तोंड माझ्या खुर्चीवर आलं आणि तिथेच थांबलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने झाकण परत लावलं आणि बाटली जबड्यांच्या मागे ठेवून दिली. मित्रांनो, मी उंच उडलोय, ढगाच्या सावलीतून गेलोय, पण त्या झाकणाच्या आवाजाएवढं थोर काही मी ऐकलेलं नाही.

मैदानावर वारा बेताचा होता. मी वर गेलो, लांब वळण घेतलं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आल्यावर दातवाल्याने मला उलटं केलं.

आकाश खाली गेलं. गवत, गाड्या, माणसं, सगळी जमीन माझ्या डोक्यावर आली. उघड्या कॉकपिटमध्ये वारा घुसला, आणि माझा गुलाबी वैमानिक खुर्चीतून केसभर उचलला गेला. मग तो थांबला. माझ्या पोटातल्या लाकडी पट्टीला एक ओढ बसली. आजवर कधी न बसलेली, इवलीशी आणि अगदी स्पष्ट. वैमानिकाचं सगळं वजन ताईच्या टाक्यांवर आलं होतं. एका म्हाताऱ्या बाईची बोटं माझ्या पोटात शिरून एका माणसाला धरून बसली आहेत, असं मला वाटलं. खाली ताई डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी होती. एवढ्या उंचीवर तिला काही दिसणं शक्य नव्हतं, तरी ती बघत होती.

मी उतरलो. दातवाला धावत आला, पण त्याने मला हात लावला नाही. ताई सावकाश चालत आली, गवतात बसली आणि तिने आत बोट घातलं. वैमानिक जागेवर होता.

"गोंद लावलास ना रे?" तिने वर न बघता विचारलं.

"नाही लावला."

"खरं सांग, छोट्या."

"तूच बघ ना."

ताईने नखाने बक्कल सोडलं आणि मला हळूच कलतं केलं. वैमानिक घसरला आणि तिच्या तळहातावर येऊन पडला. अगदी मोकळा, कुठेही न चिकटलेला.

ताईने त्याच्या छातीवरून अंगठा फिरवला. "धरलं होतं," ती म्हणाली, आणि मग रडली. दातवाला तिच्या शेजारी गवतात बसून राहिला. लांबूही आला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

पडलेल्या त्या विमानातल्या माणसाचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. ताईलाही नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही. मी फोमचा, माझा वैमानिक हिरडीचा, आमच्यावरून खऱ्याचा हिशेब लागत नाही. पण त्या दिवसापासून ताईने तो प्रश्न पुन्हा काढला नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

आता मी पिवळा पडलोय. नाकाला ठिगळ आहे, एक पंख किंचित वाकडा झालाय. मैदानावर जाणं क्वचितच होतं. जबडे अजून हसतात आणि माझ्या पाठीवर धूळ बसते. पाहुण्यांची मुलं आली की मला खाली उतरवतात, पंख धरून खेचतात, काच काढतात. काढू द्या, त्याला माझी ना नाही. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. बक्कल सोडलंत, तर जाताना परत लावा. आत माणूस आहे.