टायर चढले तिसऱ्या मजल्यावर

ती फिरत्या दवाखान्याची ड्रायव्हर. एकोणीस वर्षं गाडी चालवत होती, तरी अजूनही नवा माणूस भेटला की आधी गाडीमागे डोकावायचा, ड्रायव्हर कुठे आहे म्हणून.

आता मात्र गाडी चार महिने आवारात उभी होती. टायरच्या तारा बाहेर आल्या तेव्हा तिनेच ती उभी केली आणि नव्या टायरसाठी अर्ज दिला. खरेदी विभागाचं म्हणणं असं की टायर झिजलेलेच नाहीत. कागदावर टायरचं आयुष्य साठ हजार किलोमीटर, आणि हिचे एक्केचाळीस हजारांतच संपले. गाडी जायची दगडधोंड्यांतून, पण दगडांना नियम कोण सांगणार?

"बाई, अजून एकोणीस हजार शिल्लक आहेत त्यांत," खरेदीचा कारकून दर वेळी म्हणायचा, जणू तिनेच ते कुठेतरी लपवून ठेवले होते.

तोड नव्हती असं नाही. मुदतीआधी टायर झिजला तर तीन साहेबांच्या समितीने तो प्रत्यक्ष पाहावा, पाहिल्याची सही करावी, मग नवा घ्यावा, असा नियमच होता. घोडं पेंड खात होतं ते इथेच. समिती बसायची तिसऱ्या मजल्यावर आणि टायर होते खाली. एकदा ऊन फार होतं, एकदा चिखल होता, एकदा मोठ्या साहेबांचा गुडघा दुखत होता. आणि आता याच समितीच्या शुक्रवारच्या सभेपुढे विषय आला होता: गाडी वापरात नाही, सबब लिलावात काढावी, ड्रायव्हरला टपाल शाखेत बसवावं. कारकुनाचा तर सुंठेवाचून खोकला जात होता.

घरी तिचा नवरा शिवणयंत्रावर कोट शिवत होता. "पंख्याखाली बसशील, पाकिटं चिकटवशील," तो म्हणाला. "वाईट काय त्यात?"

"टेकडीपलीकडच्या बाया औषधासाठी चार-चार तास चालताहेत, आणि मी पाकिटं चिकटवू?" बोलता बोलता तिला रडूच कोसळलं. राग टायरचा नव्हता. आपली गाडी भंगारात जाणार आणि आपण नुसतं बघत राहणार, याचा होता.

त्याने यंत्र थांबवलं. "समितीने खालीच उतरायचं, असं लिहिलंय का कुठे?"

"नाही. टायर प्रत्यक्ष पाहायचा, एवढंच."

"मग झालं तर. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर मीच कापड घेऊन त्याच्या घरी जातो की!"

ती डोळे पुसायची थांबली.

शुक्रवारी सकाळीच तिने फाटकासमोरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने गाडी ठोकळ्यांवर चढवून चारही टायर काढून दिले. लिफ्ट बंद होती. तिच्या दुरुस्तीचा कागदही कुठल्याशा समितीपुढे पडून होता. तिने पदर खोचला, पहिला टायर खांद्यावर घेतला आणि जिना चढू लागली. मजल्यामजल्यावर माणसं टेबलं सोडून बाहेर आली. दुसऱ्या खेपेला गाडीवरच्या डॉक्टरबाईंनीही एक टायर उचलला, पांढऱ्या कोटाची पर्वा न करता.

"अहो बाई, सभा चालू आहे!" कारकून दारातच आडवा आला.

"तीच पाहिजे मला," ती म्हणाली, आणि चारही टायर एकामागून एक आत गेले.

मोठ्या साहेबांनी चष्मा सारखा केला. "झीज मोजायचं साधन आहे का आपल्याकडे?"

"त्याची खरेदी प्रस्तावित आहे, सर," कारकून म्हणाला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब? टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. इथे तर खाचाच उरल्या नाहीत."

साहेबांनी वाकून बोट फिरवलं.

"जपून, तिथे तार—"

"आई गं!"

साहेबांनी बोटाला रुमाल गुंडाळला. "गाडी उभी करायचा हुकूम कुणी दिला होता?"

"कुणीच नाही. मीच उभी केली. आत आजारी माणसं असतात, साहेब."

साहेब कारकुनाकडे वळले. "कुठे सही करायची?"

तीन सह्या झाल्या. लिलावाच्या विषयावर साहेबांनी स्वतः काट मारली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा मजलाच टाळ्या वाजवू लागला. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आनंदाने तिने तेच तोंडावरून फिरवले.

पंधरवड्यात नवे टायर आले. असं त्या कचेरीत कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. पण भांडाराचा नियम असा की जुने जमा केल्याशिवाय नवे मिळत नाहीत, आणि जुने अजून तिसऱ्या मजल्यावर होते. ते खाली कुणी आणायचे, हे साहेबांनी पट्टी बांधलेल्या बोटानेच दाखवलं.

चौथ्या खेपेला कारकून घामाघूम होऊन खाली उतरला तेव्हा कुठे नवे टायर मिळाले. ते चढवून गाडी तयार झाली तेव्हा तो जुने भांडारात रचत होता. डॉक्टरबाई आत बसल्या होत्या. तिने काच खाली केली.

"भाऊसाहेब, नीट ठेवा हं ते. एकोणीस हजार शिल्लक आहेत अजून!"

आणि लांबलचक हॉर्न देत तिने गाडी टेकडीच्या रस्त्याला लावली.